पासिंगचे टायर

मोटार इन्स्पेक्टर कसं व्हायचं हे मला कोणीही विचारावं, मी घडाघडा सांगेन. मी झालो नाही म्हणूनच सगळं पाठ आहे. जे झाले ते महिन्याभरात विसरले.

मॅट्रिक पास हवं. मोटारींच्या कारखान्यात पाच वर्षं काढलेली हवीत आणि तसा मालकाच्या सहीचा दाखला हवा. बस-लॉरी चालवायचं लायसन हवं. नजर चांगली, चालचलणूक चांगली आणि वय तिशीच्या आत हवं. एवढं जमलं की इंग्रजीत अर्ज करायचा, मग साहेबापुढे तोंडी परीक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष गाडीवरची परीक्षा. ती झाली की माणूस खाकी कपडे घालतो आणि दुसऱ्यांच्या गाड्या रस्त्यावर आणण्याजोग्या आहेत की नाहीत ते ठरवतो. यातली एकूण एक गोष्ट मी मिळवली होती, शेवटची सोडून.

लढाईची वर्षं होती. सीताबर्डीत एका मोटारमालकाच्या गॅरेजमध्ये मी मिस्त्री होतो. मालकाच्या पाच बसगाड्या. पेट्रोल मिळत नसे, म्हणून प्रत्येक गाडीच्या पाठीवर कोळशाची उभी भट्टी बसवलेली होती आणि त्या कोळशाच्या गॅसवर गाड्या चालत. चालत म्हणायचं एवढंच. चढ आला की उतारू खाली उतरत, आणि कोण भट्टीच्या बाजूला बसून आलं ते त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळे.

मी मॅट्रिक होतो, तिसऱ्या खेपेला का होईना. मॅट्रिक झालेला मिस्त्री म्हणजे देवळात बूट घालून शिरलेला माणूस. कोणाला धड आवडत नाही. मालक मला चारचौघांत ‘पंडित’ म्हणे आणि इंग्रजी सरकारी कागद आला की वाचायला बोलावून घेई. वाचून झालं की पुन्हा गाडीखाली.

काम मला उस्तादाने शिकवलं. उस्ताद म्हणजे आमचा जुना हेडमिस्त्री, पांढऱ्या दाढीचा, अक्षरशत्रू म्हणता येईल असा. पण गॅरेजच्या भिंतीवर त्याने एक पाटी टांगली होती. गाडी आत आली की तिचं काम करायचं आणि जे करायचं राहिलं तेवढंच पाटीवर लिहायचं. उस्तादाला चार-दोन शब्द ओळखता येत, तेवढे पुरत. तो म्हणे, “जो हो गया, वो लिखना नहीं. जो रह गया, वो लिखो.” झालेलं काम लिहून दाखवणारा मिस्त्री त्याला नजरेसमोर नको असे. गाडी बाहेर निघताना पाटी कोरी असणं हीच आमची इज्जत. उस्ताद वारला त्यानंतरही पाटी तशीच राहिली, कायदाही तोच राहिला, आणि माझ्या हाताला वळणही तेच लागलं. ढिला नट दिसला की तो आवळून झाल्यावर मला कळायचं की तो ढिला होता.

आता टायरांची गोष्ट सांगायलाच हवी.

दर सहा महिन्यांनी प्रत्येक गाडी सरकारी कचेरीमागच्या मैदानात न्यावी लागे. इन्स्पेक्टर ती तपासून गाडी चालवायचा परवाना देई. याला आम्ही पासिंग म्हणत असू. मालकाकडे चार चांगले टायर होते. पाच गाड्यांना मिळून चार. ते कोठडीत कुलपात असत. एखाद्या गाडीचं पासिंग आलं की तिचे घासलेले टायर उतरवायचे, हे चार चढवायचे, मैदानात न्यायचं, परवाना घ्यायचा, आणि परत आणून पुन्हा जुने बसवायचे. लग्नात उसने आणलेले दागिने दुसऱ्या दिवशी परत करतात, तसं. टायरांबरोबर एक चांगला विजेचा हॉर्नही होता, तोही असाच फिरायचा. इतर वेळी गाडीला रबरी फुग्याचा भोंगा. ते चार टायर बाकीच्यांत मिसळू नयेत म्हणून उस्तादाने त्यांच्यावर निळ्या रंगाचा एकेक ठिपका मारून ठेवला होता. चढवताना ठिपका आतल्या बाजूला करायचा, एवढी अक्कल आम्हा सगळ्यांना होती.

मालकाला मी एकदा विचारलं होतं. तो रागावला नाही, उलट माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत म्हणाला, “टायर हायेत कुठं गा पंडित? सारं रबर लढाईवर गेलं. गाड्या उभ्या केल्या तं तू काय खाशीन?” हे खोटं नव्हतं. टायरासाठी कचेरीत अर्ज करायचा आणि वाट पाहायची. पण त्याच मालकाच्या स्वतःच्या मोटारीला नवे टायर लागले होते, हेही खोटं नव्हतं. नट आवळता येतो, तार जोडता येते, तुटलेली पिन नवी करता येते. रबर काही आवळून नवं होत नाही. माझ्या हातांना जे करता येत नव्हतं ते फक्त तेवढंच होतं, आणि नेमकं तेच रस्त्यावर टेकलेलं होतं.

उमरेडची गाडी माझा साळा चालवायचा. बायकोचा पाठचा भाऊ. गाडी चालवायला त्याला मीच शिकवलं आणि मालकाकडे मीच चिकटवला. दोन लेकरांचा बाप होता, कामात चोख, तोंडाने मिस्कील. आमचं घर सक्करदऱ्याला, उमरेडच्या रस्त्यालगत. संध्याकाळी परतताना आमच्या घरासमोर तो दोनदा भोंगा वाजवी. बायको तेवढ्यासाठी दारात उभी असे. भोंगा ऐकला की आत येऊन चुलीला फुंकर घाली.

साळ्याला टायरांचं सगळं माहीत होतं. बायकोला आम्ही दोघांनी सांगितलं नव्हतं. मी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा तो भट्टीतली राख काढता काढता म्हणाला, “भाऊजी, तुमी इन्स्पेक्टर झाले का पयले माही गाडी नापास करजा.”

“तुह्या पोटावर पाय येईन नं गा.”

“पाय येऊ द्या. मालकाले टायर तं आनावा लागन.”

तो हसत होता, पण थट्टा करत नव्हता. उमरेडच्या रस्त्यावर उतारावर एक वळण आहे. त्या वळणावर आपण देवाचं नाव घेतो असं त्याने मला त्याआधी एकदा सांगितलं होतं. मला त्या नोकरीत काय हवं होतं असं कोणी विचारलं, तर खाकी कपडे नको होते, मान नको होता. मला मैदानात उभं राहून मालकाच्या तोंडावर एकदा ‘नाही’ म्हणायचं होतं. तेवढ्यासाठी मी इंग्रजी पाठ करत होतो.

त्याच सुमाराला धंतोलीतल्या एका वकिलाचा मुलगा आमच्या गॅरेजमध्ये येऊ लागला. वय माझ्याहून पाच-सहा वर्षांनी कमी, हातात इंजिनिअरिंग शाळेचा डिप्लोमा. त्यालाही हीच जागा हवी होती. त्याच्या दाखल्याची सोय वडिलांनी केली होती, पण कामाची ओळख नव्हती, म्हणून तो माझ्याकडे शिकायला उभा राही. उभाच राही. कपडे मळू नयेत म्हणून हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरे आणि बारीक बारीक प्रश्न विचारी. मी त्याला काही हातचं न राखता शिकवलं. माणूस सरळ होता. एकदा त्याने निळा ठिपका पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगून टाकलं. त्याचा चेहरा लाल झाला. “हे म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळणं आहे, मिस्त्री,” तो म्हणाला. “मी असतो तर गाडी तिथेच उभी केली असती.” मला तो त्या दिवशी फार आवडला.

तोंडी परीक्षेला साहेब आणि एक देशी इंजिनिअर असे दोघे बसले होते. साहेबाने विचारलं, भरलेली बस ब्रेक लावल्यावर किती अंतरात थांबेल? मी म्हणालो, टायर कसे आहेत ते सांगा, मग सांगतो. साहेब इंजिनिअरकडे पाहून हसला. बाहेर आलो तेव्हा डिप्लोमावाला म्हणाला की जागा तुमचीच. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

गाडीवरची परीक्षा सरकारी कारखान्याच्या आवारात होती. तिथल्या मिस्त्रीने सकाळी एका लॉरीत मुद्दाम नऊ दोष करून ठेवले होते. प्रत्येक उमेदवाराला अर्धा तास आणि एक छापील फॉर्म. गाडी तपासायची, फॉर्म भरून द्यायचा. एवढंच सांगितलं होतं. आम्ही पाच जण. डिप्लोमावाल्याचा नंबर माझ्याआधी. तो हात पाठीमागे ठेवून लॉरीभोवती दोनदा फिरला, वाकला, उकिडवा बसला, फॉर्मवर लिहीत गेला. गाडीला त्याने बोटही लावलं नाही. मला मनातून हसू आलं. म्हटलं, असा का गाडीचा दोष कळतो?

मग मी. शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि सरळ लॉरीखाली गेलो. स्टेअरिंगच्या दांड्याचा नट ढिला, त्यातली पिन गायब. ब्रेकच्या सळईची खीळ निसटलेली. दिव्याची तार सुटलेली. पाण्याच्या नळीची पट्टी सैल, पंख्याचा पट्टा सैल, पुढच्या चाकाचे दोन नट हातानेच फिरत होते, आरसा उलटा. आठवा दोष म्हणजे स्प्रिंगचा एक पाटा तुटलेला, आणि नववा, मागच्या एका टायरातून कापड दिसत होतं. नऊच्या नऊ मला वीस मिनिटांत सापडले. पाच मिनिटं हात पुसण्यात गेली. उरलेल्या पाचात मी फॉर्म भरला. स्वच्छ अक्षरात लिहिलं: स्प्रिंगचा पाटा, मागचा टायर. खाली सही केली.

साहेबाने फॉर्म वाचला, मग मागे काही लिहिलं असेल म्हणून उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. मी छाती काढून उभा होतो. इंजिनिअर हातात दोषांची यादी घेऊन लॉरीखाली गेला आणि बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कोटाला माती लागली होती.

“स्टेअरिंगचा नट कोणी आवळला?” त्याने विचारलं.

“मी.”

“पिन?”

“तार घातली. खिशात होती.”

“आणि ब्रेक?”

“तोही लावला.”

“तुम्हाला दुरुस्त करायला कोणी सांगितलं होतं?”

मी म्हणालो, “ढिला होता साहेब.”

त्याने इंग्रजीत साहेबाला सांगितलं. साहेब आधी हसला आणि मग हसायचा थांबला. तो मला म्हणाला त्याचा अर्थ असा, की सरकारला गाडी अडवणारा माणूस हवा आहे. चालू करून देणारे बाजारात पुष्कळ आहेत. मी पाटीचं सांगायला गेलो, की आमच्यात राहिलेलं तेवढंच लिहितात, झालेलं लिहीत नाहीत. पण इंजिनिअर कोट झटकत निघून गेला होता, आणि साहेबाला इंग्रजीत ते कसं सांगायचं? माझं सगळं इंग्रजी गाडीच्या भागांचं होतं, उस्तादाचं नव्हतं. पंधरा दिवसांनी कागद आला. शेरा: उत्तम कारागीर. निकाल: नापास. जागा डिप्लोमावाल्याला मिळाली. त्याच ज्येष्ठात मला तीस वर्षं पूर्ण झाली, म्हणजे दुसऱ्यांदा अर्ज करायचा प्रश्नच मिटला.

साळ्याने विचारलं, “नऊच्या नऊ सापडले होते नं तुमाले?”

“सापडले.”

“मंग काहून नापास केलं?”

“मी लिवलेच नाई.”

तो भिंतीवरच्या पाटीकडे पाहत राहिला. पाटी कोरी होती. मला ती फोडावीशी वाटली. आयुष्यभर ज्या गोष्टीची शेखी मिरवली तिनेच माझा घात केला होता, आणि दोष कोणाला द्यावा तर मेलेल्या उस्तादाला. मालकाने मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मला नावाने हाक मारली आणि चहा पाजला. त्याचा मिस्त्री त्याच्याकडेच राहिला होता.

तरी एक आशा मी धरून होतो. आता मैदानात बसणारा माणूस मी शिकवलेला होता. निळा ठिपका त्याला माहीत होता. मी ‘नाही’ म्हणालो काय आणि तो म्हणाला काय, नवे टायर आले म्हणजे झालं.

उमरेडच्या गाडीचं पासिंग आलं. मालकाने कोठडीचं कुलूप काढलं. मी चारही टायर चढवले, आणि नोकरीत पहिल्यांदाच ठिपके बाहेरच्या बाजूला ठेवले. साळ्याने ते पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं. तो हसत होता असं मला वाटलं.

मैदानात कडुनिंबाच्या सावलीत टेबल मांडलं होतं. नवे इन्स्पेक्टरसाहेब खाकी कपड्यांत शोभून दिसत होते. हात पाठीमागे बांधून ते गाडीभोवती फिरू लागले. पुढच्या डाव्या चाकापाशी थांबले. वाकले. पेन्सिलीचं टोक ठिपक्यावर टेकवलं आणि तसेच काही वेळ राहिले. मालक दहा पावलांवर छत्री टेकून उभा होता. मी मनात म्हणत होतो, लिही. बाबा रे, लिही.

ते उठले आणि माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, “मिस्त्री, आज टायर कुठे मिळत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. ही गाडी उभी केली तर उमरेडचे लोक पायी येतील. मी हे सगळं साहेबांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, गाड्या चालू राहिल्या पाहिजेत.” मग अगदी मनापासून म्हणाले, “आणि गॅरेजमध्ये तुम्ही आहात ना. तुम्ही आहात म्हणून तर मी निर्धास्त सही करतो.”

टेबलापाशी जाऊन त्यांनी सही केली.

मला तोंड होतं. हे टायर या गाडीचे नाहीत, एवढं एक वाक्य मराठीत म्हणायला मॅट्रिक लागत नाही. मालक ऐकत होता म्हणून मी गप्प बसलो. नवा इन्स्पेक्टर भला माणूस होता, त्याला अडचणीत कशाला टाका, असंही मनाला समजावलं. खरं एवढंच की मी भ्यालो. ज्या माणसाला मी नावं ठेवणार होतो, त्याच्या शेजारी मीही हात पाठीमागे बांधूनच उभा होतो.

गॅरेजमध्ये परत आलो. मालकाने परवाना घडी करून खिशात घातला आणि कोठडी उघडी ठेवून गेला. मी निळ्या ठिपक्याचे टायर उतरवले, जुने बसवले. विजेचा हॉर्न काढून भोंगा लावला. साळा जॅकचा दांडा फिरवत होता. शेवटचं चाक जमिनीला टेकलं तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता विचारलं, “त्यानं ठिपका पाह्यला नं भाऊजी?”

“पाह्यला.”

“मंग तो तं नाई बोलला. तुमी काहून नाई बोलले?”

त्याने हात धुतले, भट्टीत कोळसा घातला आणि दुपारची गाडी घेऊन गेला. मी खडू घेतला आणि पाटीवर लिहिलं: उमरेडची गाडी, टायर चार. मालकाने ते दुसऱ्या दिवशी वाचलं आणि पुसलंही नाही. ते पुसायची गरज त्याला कधी वाटली नाही.

घरी गेलो तर बायकोला बातमी आधीच पोचली होती. वस्तीतलं कोणीतरी मैदानावरून आलं होतं. ती लुगड्याच्या पदराला हात पुसत म्हणाली, “आयकलं का, भावाची गाडी पास झाली म्हंते. थो नवा इन्स्पेक्टर लय कडक हाय म्हंते लोकं. बरं झालं बाप्पा. माह्या जीवाले रोज घोर लागून राहे.”

मी हो म्हणालो.

त्या संध्याकाळी उमरेडच्या गाडीची वेळ झाली तरी ती चुलीपाशीच बसून राहिली, भाकरी थापत, काहीतरी गुणगुणत. मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. पुढे कित्येक वर्षं ती दारात गेली नाही. मी रोज जात असे, दोनदा भोंगा ऐकू येईपर्यंत.